उतारावरची घरघर

मावशीने तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा गाडीत शाळेची पोरं होती आणि नेहमीसारखी बोंबलत होती. त्या गोंगाटाच्या खालून, सीटच्याही खालून कुठूनतरी, जात्यात खडा आल्यासारखी घरघर वर आली. उतार संपेपर्यंत राहिली. गाडी सपाटीला लागली तशी विरली. तिने पुढच्या बाकावरच्या मुलांना विचारलं, काही ऐकू आलं का रे? त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

वरच्या वस्तीतली मुलं मावशी खाली शाळेत पोचवते. लग्न होऊन आली तेव्हा तिला सायकलही येत नव्हती. काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, गॅरेज घराच्या मागेच. गाडी त्यांनीच शिकवली, आणि शिकवताना दोघं इतकी भांडली की शेवटी सासूबाईंनी मुलालाच गाडीतून खाली उतरवलं. त्यानंतर ती चार दिवसांत शिकली, असं सासूबाई अजून सांगतात. वस्तीच्या वाटेवर डांबर अर्ध्यातच संपतं. पुढे दगड, घसरती माती, आणि एका बाजूला दरीची नुसती हवा. तिथे चारही चाकांना जोर मिळणारी जीपच लागते. मावशीच्या जीपला पोरं म्हैस म्हणतात, कारण ती काळी आहे आणि तिला कधीच कसली घाई नसते.

घरघर दुसऱ्या दिवशीही आली, त्याच उतारावर. मावशीला दोन भीती एकदमच वाटल्या. एक, गाडीचं काहीतरी तुटतंय. दुसरी तिने कोणाला सांगितली नाही. आजोबांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, ऐकणं असंच गेलं होतं. आधी एका कानात घरघर, मग घरातली माणसं मुद्दाम हळू बोलतात अशी तक्रार, आणि मग तक्रारही बंद. बहिऱ्या बाईच्या गाडीत कोण आपलं पोर बसवेल? आणि गाडी नसलेली मावशी कशी असते हे तर तिचं तिलाही आठवत नव्हतं.

काकांनी गाडी जॅकवर चढवली. चाकं हलवून पाहिली, इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट पिळून पाहिला, त्याच्या सांध्यांतले क्रॉस बोटांनी चाचपले. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून चालू गाडीचं एकेक हाड ऐकलं. मग एकटेच उतारावर जाऊन आले, आणि खात्री वाटेना म्हणून पुन्हा गेले.

“काही नाही गं. लोण्यासारखी चालतेय.”

हात पुसत, तिच्याकडे न बघता, त्यांनी पुढे विचारलं, “एकदा कान दाखवून घ्यायचे का?”

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच स्वतःची परीक्षा घेऊ लागली. बंद दाराआडून नळाचा थेंब ऐकू येतो का. सासूबाई झोपेत कूस बदलतात ते कळतं का. सगळं ऐकू यायचं, पण म्हणून धीर येईना, कारण उतारावर घरघरही यायची आणि ती रोज थोडी जाड होत होती. उतार जवळ आला की ती कान देऊन बसायची. मागे पोरं एकमेकांचे डबे पळवत असायची.

एका सकाळी तिच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात काहीतरी मागतोय. बिघाड गाडीतच निघू दे, कानात नको. मागे इतकी पोरं बसलेली असताना आपण हे मागतोय. कशीबशी ती शाळेपर्यंत पोचली. पोरं उतरल्यावर बराच वेळ तिला दार उघडता येईना.

दुपारी तिने वस्तीत निरोप दिला की उद्यापासून गाडी बंद. म्हैस आटली की काय, असं एका मुलाच्या वडिलांनी हसत विचारलं. मावशी हसली नाही. घरी येऊन तिने काकांना सांगितलं की आत्ताच्या आत्ता चला. तुम्ही एकटे गेलात तेव्हा जशी चालवलीत तशीच चालवा, मी नुसती शेजारी बसते.

वर जाऊन गाडी वळवल्यावर उताराच्या तोंडाशी काकांनी सवयीने दोन बोटांनी गियर काढला. गाडी न्यूट्रलमध्ये, जवळजवळ मुक्यानेच, खाली घरंगळू लागली. पाय ब्रेकवर, मान तिरपी, डोळे अर्धे मिटलेले.

“हे काय करताय?”

“इंजिनाचा आवाज मध्ये येतो. असं स्वच्छ ऐकू येतं.”

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. या उतारावर ती गियर कधीच काढत नाही. दुसऱ्या गियरमध्ये, पाय अॅक्सिलरेटरवरून उचलून, इंजिनानेच गाडी मागे ओढून धरायची, नाहीतर ब्रेक तापून दगा देतात, हे तिला त्यांनीच दामटून शिकवलं होतं.

“गियर टाका,” ती म्हणाली. “दुसरा. पाय काढा. आणि बोलू नका.”

दोन दगड ओलांडेपर्यंत काही झालं नाही. मग ती आली. आधी पायाच्या तळव्याला, मग कानाला. रिकाम्या गाडीत ती पोरांच्या गोंगाटातल्यापेक्षा कितीतरी मोठी होती. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“आला?” मावशीने विचारलं.

“हो.”

“तुम्हाला आला?”

“अगं आला, आला. थांबव गाडी,” काका म्हणाले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की गाडी तेच चालवतायत.

चाकांपुढे दगड लावून ते खाली शिरले. मागच्या दोन चाकांच्या मधोमध डिफरन्शियलचा लोखंडी भोपळा असतो, त्याच्या तोंडाशी शाफ्ट जोडलेला असतो. या वेळी त्यांनी शाफ्ट पिळला नाही, ओढला. तो बुडख्यासकट आत-बाहेर झाला. आतला मोठा नट सैल पडला होता. काही महिन्यांपूर्वी तिथलं तेल अडवणारं ऑइल सील त्यांनीच बदललं होतं आणि नवा नट टाकायचा सोडून जुनाच परत आवळला होता. न्यूट्रलमध्ये भोपळ्यातल्या चक्रांच्या दातांवर भार नसतो, म्हणून ते मुके राहायचे. गियरमध्ये इंजिन गाडीला अडवू लागलं की सगळा भार त्या नटावर. तो पूर्ण सुटला असता तर मागची चाकं जागीच अडकली असती, याच वाटेवर.

हे सगळं काकांनी गाडीखालूनच सांगितलं. बाहेर आले ते मातीतच बसले. मावशीला आधी हायसं वाटलं. माझे कान शाबूत आहेत. मग तिने कडेची हवा पाहिली, आणि आपल्याला हायसं वाटलं याचीच तिला भीती वाटली. गाडी तिथेच ठेवून दोघं चालत खाली गेली. काका मध्येच थांबून तिचा हात धरायचे आणि पुन्हा सोडायचे.

दुरुस्ती झाल्यावर मावशी वस्तीत घरोघर गेली आणि काय झालं होतं ते तिने लपवलं नाही. दोन घरांनी मुलं पाठवायची थांबवली. ती वाद घालायला गेली नाही. बाकीची मुलं घेऊन ती निघाली तेव्हा काका मागच्या बाकावर, गुडघे हनुवटीशी घेऊन, पोरांमध्ये बसले होते. उतारावर मावशीने दुसरा गियर टाकला, पाय काढला. चाकांखालून खडे उडालेले तिला ऐकू आले. बाकी काही नाही. ते काही नसणंच तिला खरं वाटेना.

शाळेपाशी पोरं उतरली. मावशीने गाडी पुन्हा वस्तीच्या दिशेला वळवली.

“आता कुठे?”

“वर. परत एकदा उतरून बघू.”

काका पुढे येऊन बसले आणि त्यांनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली.