गोल बाजू

उत्तम गेल्याचा फोन आमच्या शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात मीच उचलला. शोकसभेची सूचनाही मीच टाइप केली. संध्याकाळी सचिवसाहेब माइकसमोर उभे राहून म्हणाले, "युरोपच्या बर्फावर जालन्याचं नाव कोरणारा खेळाडू हरपला." उत्तम जन्मात एकदाही बर्फावर खेळला नाही. हॉकी गवतावर खेळला, टर्फवर खेळला. मी उठून सांगायला हवं होतं... नाही उठलो. महिना झाला, राग उतरत नाही.

बर्फाची भानगड एका फोटोनं झाली. आम्ही दोघं केदारखेड्याचे, कॉलेजसाठी जुन्या जालन्यात एका खोलीत राहिलो. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि हे मी आजही छाती काढून सांगतो. उत्तमनं बी.ए.चं पहिलं वर्षसुद्धा पुरं केलं नाही. हैदराबादच्या एका स्पर्धेत जर्मन प्रशिक्षकानं त्याला हेरलं आणि दोनेक वर्षांत तो तिकडच्या क्लबाकडून खेळायला लागला. पहिल्याच हिवाळ्यात त्याचा फोटो आला : गुडघाभर बर्फ आणि हातात स्टिक. तो गावभर फिरला आणि उत्तमचा 'बर्फवाला' झाला. सुट्टीत आला की लोक विचारायचे, घसरत न्हाई का रे? तो म्हणायचा, "घसरतच तर गेल्तो इथून तिकडं."

जर्मनी, मग हॉलंड, शेवटी इटली. सकाळी क्लबाचं मैदान झाडायचं, दुपारी तिथल्या मुलामुलींना शिकवायचं, रविवारी सामना. त्याच्या पत्रांत गोलांपेक्षा त्या मुलांच्या मनगटांचंच कौतुक जास्त. हॉकीच्या स्टिकची एक बाजू सपाट असते, दुसरी गोल. चेंडू सपाट बाजूनंच मारायचा, गोल बाजू लागली की फाऊल. उत्तम माणसंही तशीच मोजायचा. तोंडावर एक आणि मागं दुसरं करणारा भेटला की माझ्या कानाशी पुटपुटायचा, "गोल बाजू."

गुडघा गेला आणि तो परत आला. त्याला एकच गोष्ट हवी होती : आमच्या संस्थेच्या मैदानावर हॉकी शिकवायची. मी म्हणालो, अर्ज कर, मी बघतो, बिलकुल काळजी करू नको. सचिवसाहेबांनी त्याला चहा पाजला, तुम्ही तर आमचं भूषण म्हणाले आणि तो जिना उतरायच्या आत मला नकाराचं पत्र करायला सांगितलं. जागा त्यांच्या साडूच्या मुलासाठी होती. त्या मुलाकडे शारीरिक शिक्षणाची पदवी होती. हॉकीच्या संघात किती जण असतात, हे मात्र त्यानं मला विचारलं होतं. पदवी नसली तरी मानद प्रशिक्षक म्हणून नेमता येतं, तो नियम माझ्याच फायलीत होता. मी तोंड उघडलं नाही. 'आवश्यक शैक्षणिक पात्रतेअभावी' असं नीट टाइप केलं.

उत्तमनं ते पत्र माझ्याच टेबलाशी उभं राहून वाचलं.

"शुद्धलेखन झकास हाय, ग्रॅज्युएट."

मी टेबलावरच्या फायली सारख्या करायला लागलो.

"मंग... ही कोणती बाजू?"

"नोकरी हाय माझी, उत्तम."

त्यानं मान हलवली, पत्राची घडी खिशात घातली. पुढं तो धान्याच्या मोंढ्यात वजनकाट्यावर लागला. माझ्याकडं चहाला पहिल्यासारखाच येत राहिला, तो विषय कधी काढला नाही. काढला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. आमच्या मैदानावर साडूपुत्रानं क्रिकेटची खेळपट्टी केली, आणि युरोपात बारा वर्षं खेळलेला माणूस संध्याकाळी गोदामाच्या भिंतीवर एकटाच चेंडू मारत राहिला.

शोकसभेनंतर सचिवसाहेबांनी मला फर्मावलं, त्याची स्टिक आणा, काचेच्या कपाटात ठेवू. मी उत्तमच्या घरी गेलो. वहिनींनी ऐकून घेतलं. "जित्तेपणी मैदान न्हाई देलं, आता काच देऊन राह्यले का, भाऊजी? तुम्ही न्या. पण तुमच्या घरी न्या."

साहेबांनी नंतर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी 'बघतो' म्हणालो. उत्तमला म्हणालो होतो, तेच.

हे ज्यात छापून येईल ती वर्तमानपत्राची पुरवणी साहेब वाचतात. तर साहेब, स्टिक माझ्याकडं आहे आणि ती मी देणार नाही. आमच्या दाराशी कोपऱ्यात उभी असते. झाडताना घरचे ती कशीही टेकवतात, आणि सकाळी चपला घालताना गोल बाजू माझ्याकडं तोंड करून असते. मी ती फिरवतो, मगच ऑफिसला निघतो.