फाटकाशी उभी असलेली आई

अश्विनीचा फोन आला तेव्हा मी कसब्यातल्या घरी मटार सोलत बसले होते. विशाखाताईंची ही मुलगी एरवी मला मेसेज करते, फोन करत नाही. त्यामुळे तिचं नाव दिसल्याबरोबर मटाराचं ताट बाजूला सारलं. "मावशी, आई गेली," ती म्हणाली. "सकाळी चहा घेताना. तिला काही कळलंच नाही." आयुष्यभर प्रत्येक गोष्टीची आधीपासून धास्ती घेणाऱ्या बाईला शेवटची गोष्ट मात्र न कळता घडावी... कितीतरी वेळ माझ्या मनात एवढंच घोळत राहिलं.

आमची ओळख नव्वदच्या दशकातली. परदेशातली कामं पुण्यात नुकती येऊ लागली होती आणि कर्वेनगरातल्या एका इमारतीत अ‍ॅनिमेशनचा छोटा स्टुडिओ निघाला होता. एका अमेरिकन कुटुंबावरच्या विनोदी कार्टून मालिकेची मुख्य चित्रं तिकडून यायची; दोन चित्रांच्या मधली हालचाल आम्ही हाताने काढायचो. विशाखाताई मूळच्या नागपूरच्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या, हात अतिशय सफाईदार. पण काळजी अखंड. वीज जाईल, पार्सल गहाळ होईल, कागद दमट होतील... स्टुडिओ चालवणारे आमचे देवधर सर त्यांना 'काळजीवाहू सरकार' म्हणत. ताई मान खाली घालून हसत आणि कागद पुन्हा चाचपून बघत.

मालिकेच्या सुरुवातीच्या एका भागावर आमचं सगळं अवलंबून होतं. तो पसंत पडला तर पुढचं काम पुण्याला, नाहीतर मनिलातल्या स्टुडिओला, असं तिकडून स्वच्छ कळवलं होतं. माझ्या वडिलांची कंपनी तेव्हा बंद पडलेली. मला अन्न गोड लागत नव्हतं. त्या भागात धाकटी मुलगी शाळेतून घरी पोचत नाही आणि आई फाटकाशी वाट पाहत राहते. मुलगी शेवटी शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या खोपट्यात झोपलेली सापडते, म्हणून हे विनोदी. आईचे डोळे खोबणीतून बाहेर येणार, केस ताठ उभे राहणार, ती भिंगरीसारखी फिरणार. हा प्रसंग ताईंच्या वाट्याला आला.

चित्रं अर्ध्यावर असताना एका दुपारी ताईंच्या शेजारणीचा ऑफिसात फोन आला. पहिलीतल्या अश्विनीची शाळेची रिक्षा आलीच नव्हती. ताई तशाच उठून जिना उतरू लागल्या; मी मागोमाग. वारज्यात तेव्हा निम्मे रस्ते कच्चे. सोसायटीच्या फाटकाशी पोचून त्या उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं, रडतील, धावपळ करतील. पण त्या हलल्याच नाहीत. एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून ओढत होत्या, नजर वळणावर. "ताई, मी शाळेत फोन करून बघते," मी म्हटलं. "शेजारणीने केलाय. शाळेतून निघालीय ती," एवढंच म्हणाल्या... बऱ्याच वेळाने वळणावरून रिक्षावाले काका पंक्चर झालेली रिक्षा ढकलत आले. आत पोरं मजेत पेरू खात होती. ताईंनी अश्विनीला उतरवून घेतलं, तिच्या तोंडाला लागलेलं तिखट पदराने पुसलं आणि मग फाटकाला टेकून त्या मटकन खाली बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून तिकडून आलेली मुख्य चित्रं बाजूला ठेवून त्यांनी तो प्रसंग नव्याने काढायला घेतला. फिरणं नाही, उभे केस नाहीत. आई नुसती उभी, फक्त बोटं हलतायत. सरांनी कागद भराभर उलटून पाहिले. "अहो बाई, ही विनोदी मालिका आहे. शोकसभा नाही."

"आई अशीच उभी राहते, सर," ताई म्हणाल्या. कागद परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला नाही. दुसरं काढायला वेळही उरला नव्हता. पार्सल गेलं.

पुढचे आठवडे फार वाईट गेले. फॅक्स मशीन खरखरलं की सगळ्यांच्या माना वर. ताई डबा तसाच घरी न्यायच्या. "माझ्या हट्टापायी तुमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार गं, नीलिमा," मला म्हणायच्या. शेवटी फॅक्स आला. दुरुस्त्या पुष्कळ होत्या, पण पुढचं काम आम्हाला मिळालं होतं. ताईंच्या प्रसंगाबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं. सरांनी भेळ मागवली. ताई भेळेचा कागद हातात धरून मला विचारत होत्या, "काहीच कसं म्हटलं नाही? बघायचा राहून तर गेला नसेल?"

राहिला नव्हता. पुढे तो भाग हिंदीतून केबलवर लागला, तेव्हा आम्ही तो ताईंच्या घरी बघितला. नावांच्या यादीत आम्ही कोणी नव्हतो. फाटकाजवळची आई पडद्यावर आली आणि मागचं गमतीदार संगीत थांबलं. अश्विनी म्हणाली, "आई, ही तुझ्यासारखी उभी राहिलीय." ताई पटकन उठून स्वयंपाकघरात गेल्या.

काम संगणकावर गेलं, स्टुडिओ बंद झाला. ताई एका शाळेत चित्रकला शिकवू लागल्या. मालिका मात्र अजून चालू आहे. त्यातली मुलगी अजून तेवढीच आहे. अश्विनी आता हिंजवडीला आयटीत आहे, वारज्याहूनच जाते-येते.

परवा संध्याकाळी वारज्याला जाऊन आले. मेश्राम भाऊजी, ताईंचे यजमान, एकटेच होते. मोजकं बोलणारा माणूस. ताईंच्या काळजीवर जन्मभर वैतागलेला. त्यांनी चहा केला. निघताना जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "पोचलात की फोन करा." मला जरा नवल वाटलं. घरी येऊन चपला काढता काढता फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"पोचले, भाऊजी."

"बरं," ते म्हणाले. मागून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते. गॅलरीत उभे असावेत. फोन त्यांनी ठेवला नाही, म्हणून मीही ठेवला नाही. मग हळूच म्हणाले, "अश्विनी यायचीय अजून..."