डबीवर नाव आबांचं

कुत्र्याच्या गळ्यात बांधायची जीपीएसची डबी घ्यायची तर माणूस एखादी बघतो आणि मागवून मोकळा होतो. मी अकरा डब्यांचा तक्ता केला. गलोंड्याच्या एका कारखान्यात मी कित्येक वर्षं खरेदी खात्यात आहे. समोर तीन कोटेशनं नसली तर हिला मेथीची जुडीसुद्धा घेववत नाही, असं माझा नवरा चारचौघांत सांगतो. पण या तक्त्याला महिना लागला तो सवयीमुळे नव्हे. डबी कुत्र्याच्या गळ्यात बांधायची होती आणि शोधायचं होतं माझ्या वडिलांना. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, वडिलांना तर मुळीच नाही.

आई गेल्यावर आबा धुळ्याकडून आमच्याकडे दमणगंगेकाठी टोकरखाड्याला राहायला आले, ते एक पत्र्याची पेटी आणि एक तांबूस गावठी कुत्रा घेऊन. कुत्र्याला नाव नव्हतं. खानदेशात कुठल्याही ओळखीच्या माणसाला भाऊ म्हणून हाक मारतात तसं आबा त्याला "ओ भो" म्हणत, आणि तोही बोलावणं आल्यासारखा उठून जाई. आबा सूतगिरणीत स्टोअरकीपर होते. कुठला नट कुठल्या खणात आहे हे त्यांना झोपेतही सांगता येई. मला अक्षरओळख झाली ती त्यांच्या खणांवरच्या चिठ्ठ्या वाचून. "माल एक, लेबल दुसरं, यानापेक्षा मोठं पाप नही," हे वाक्य मी 'शुभंकरोति'च्या आधी शिकले असेन.

त्याच आबांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते. मग एका सकाळी कुत्र्याला घेऊन फिरायला गेले ते दीड तास उशिरा परतले. जवळच्याच आमलीच्या नाक्यावरच्या भाजीवालीनं मला नंतर सांगितलं, की बाबा बराच वेळ उभे राहून एकेक बिल्डिंग निरखत होते, शेवटी कुत्र्यानंच दोरी ओढली आणि ते त्याच्यामागे निघाले. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाईल, एकटं सोडू नका. सांगायला त्यांचं काय जातं! मी एकदा तसं सुचवून पाहिलं, तर आबांनी माझ्यासमोर चपला घातल्या आणि विचारलं, "मी काय कैदी शे?" फोन ते देवाजवळ ठेवून जात, जणू त्याचीही पूजा करायची असते. खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवली तर ती काढून माझ्या हातात दिली. "मी काय हरपेल पोर शे का?"

कुत्रा मात्र त्यांना कधी सोडत नव्हता. जिथे कुत्रा तिथे आबा. तेव्हा कुत्र्यालाच डबी, असं माझं गणित होतं. आबांना मी सांगितलं, "हल्ली लोक कुत्री पळवतात." त्यांना ते लगेच पटलं. खोटं बोलण्यात मी इतकी तयार असेन असं मला वाटलं नव्हतं.

मग तो तक्ता. वजन, बॅटरी किती दिवस, पावसात चालेल का, सिमकार्ड कुठलं, किती मिनिटांनी ठिकाण कळवते. स्वस्तातल्या चपट्या बिल्ल्यांना स्वतःचं सिम नसतं, आसपास कोणाचा फोन असेल तरच ते आपला ठावठिकाणा सांगतात, हे कळल्यावर मी तीन ओळी खोडल्या. डोंगराकडच्या रस्त्याला कुणाचे फोन असणार? मोठ्या डब्यांची बॅटरी टिकायची, पण वजनानं कुत्र्याची मान खाली गेली असती. रोज नवीन शंका निघे आणि मी नवीन रकाना पाडी. तिकडे आबा रोज दोन वेळा फिरायला जातच होते. ते परत येईपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नसे.

शेवटी आमलीतल्या मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार गुजराती, माझ्याच वयाचा, गल्ल्याशेजारी अगरबत्ती लावून बसलेला. मी तक्ता पुढे ठेवला. एकाच जागी दहा मिनिटं थांबला तर फोन वाजला पाहिजे. पलीकडून आपल्याला बोलता आलं पाहिजे. अडचणीत दाबायला बटण पाहिजे. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बेन, कूतरो बटन केवी रीते दबावशे?"

मी बटणाची ओळ खोडली. हसायला हवं होतं, पण मला त्याचा राग आला, जणू माझी चोरी त्यानं भर दुकानात पकडली होती.

घेतली ती डबी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी होती. फोनवर नकाशावर हद्द आखून द्यायची आणि ती ओलांडली की फोन वाजणार. मी आमच्या कॉलनीपासून आमलीच्या नाक्यापर्यंत हद्द आखली. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत," नवरा म्हणाला. पुढे 'पाळीव प्राण्याचं नाव' असा रकाना आला. तो भरल्याशिवाय पुढे सरकता येईना. कुत्र्याला तर नाव नव्हतं. मी घाईत होते, आणि खरं म्हणजे मी कुत्र्याचा विचारच करत नव्हते. बोटांनी टाइप केलं, 'आबा'.

त्या दिवसापासून माझं जे झालं त्याला आराम म्हणत नाहीत. वाटलं होतं की डबी आली की जीव भांड्यात पडेल. उलट आधी दोन वेळा लागायचा तो घोर आता दर पाच मिनिटांनी लागू लागला. मीटिंग चालू असताना मी टेबलाखाली फोन बघत असे. 'आबा: चालत आहेत.' 'आबा: थांबले आहेत.' का थांबले? कुत्रा खांब हुंगत असेल. की आबा बिल्डिंगी बघत असतील? एकदा तर ठिपका उडी मारून थेट दमणगंगेच्या मधोमध गेला. मी खुर्चीतून उठलेच होते, तेवढ्यात तो परत रस्त्यावर आला. मशीनची चूक. माझा साहेब म्हणाला, मॅडम, बरं वाटत नसेल तर घरी जा.

माझ्याकडे गेटपासचंही काम असतं. कारखान्यातून बाहेर जाणारा माल दोन प्रकारचा, एक कायमचा गेलेला आणि एक परतीचा. जळलेली मोटर दुरुस्तीला गेली तर तो परतीचा माल. त्याच्या पासावर परतीची वेळ लिहायची, आणि वेळ टळली की ज्यानं सही केली त्यानंच जाऊन तो आणायचा. हे सगळं मी डोळे मिटून करते. त्या थंडीत मात्र मी दोन पासांवर वेळच लिहायला विसरले.

मग तो दिवस. दुपारी अडीचला फोन बघितला. 'आबा: घरी.' हिरवा ठिपका आमच्या दारात होता. म्हणजे जेवून फिरून आलेसुद्धा! मला इतकं हलकं वाटलं की कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मी फोन ड्रॉवरमध्ये टाकला, साचलेल्या पासांवर सह्या केल्या आणि चहा गरम असताना प्यायले.

चार वाजता टेबलावरचा फोन वाजला. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून असलेल्या कारखान्याचे खरेदी अधिकारी होते. ते पुण्याचे, ओळख फक्त फोनवरची. "मॅडम, तुमचे वडील आमच्या स्टोअरमध्ये आहेत."

मी हसले. "नाही हो, ते घरी आहेत. मी बघितलंय."

"मॅडम, मी त्यांच्यासमोर उभा आहे."

"अहो, माझ्या फोनवर दिसताहेत!" मी चक्क वाद घातला. ड्रॉवर उघडून पुन्हा बघितलं. 'आबा: घरी.'

"ते आमच्या बेअरिंगचे खण लावून देताहेत," ते शांतपणे म्हणाले, आणि तेव्हा मला पटलं. मी गाडीची किल्ली उचलली.

झालं होतं ते असं. दुसऱ्या शिफ्टच्या कामगारांची बस आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर थांबते. चढणारे बरेचसे खानदेशातले, अहिराणीत एकमेकांना शिव्या देत, हसत चढणारे. कित्येक महिन्यांनी आपली भाषा कानावर पडली आणि आबांना वाटलं, आपल्याच गिरणीची पाळी. बसमध्ये कुत्रा चालत नाही हे त्यांना नेमकं आठवलं. त्यांनी त्याला "घर जाय" सांगितलं, आणि तो आज्ञाधारक प्राणी माझी डबी घेऊन घरी येऊन बसला. आबा बसमध्ये चढले. त्यांचं वय बघून एकानं जागाही दिली. कारखान्याच्या गेटवर कार्ड मागितलं तेव्हा आबा म्हणाले, "मी स्टोअरवाला." घर कुठे, ते सांगता येईना. "मनी पोर खरेदीमा शे, गलोंडाले," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होते. वॉचमन शहाणा, त्यानं त्यांना आपल्या खरेदी खात्यात नेऊन बसवलं, आणि तिथल्या अधिकाऱ्यांना गलोंड्याच्या खरेदीतली बाई मी एकटीच माहीत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

मी पोचले तेव्हा आबा स्टोअरच्या रॅकपुढे उभे होते, चष्मा नाकावर, हातात बेअरिंग. दोन माणसं अदबीनं ऐकत होती. एका खणात दोन मापांचा माल मिसळलेला त्यांनी शोधून काढला होता. त्यांचा तो चेहरा मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता. तिथे थांबून बघायला हवं होतं. मी सगळ्यांदेखत ओरडले, "आबा, काय चाललंय हे? चला घरी!" त्यांनी बेअरिंग खणात ठेवलं, खणावरचं लेबल सरळ केलं आणि मुकाट्यानं माझ्यामागे आले. त्या ओरडण्याची मला अजून लाज वाटते.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "भो कोठे शे?"

"घरी आहे. हे बघा." मी फोन त्यांच्या हातात दिला आणि दिल्याक्षणी मला कळलं की द्यायला नको होता.

त्यांनी चष्मा पुसला. वाचलं. "आठे तं आबा लिखेल शे."

मी गाडी सुरू केली.

"हाऊ ठिपका कोना?"

"कुत्र्याचा."

"मंग आबा कसाले?"

मी गाडी पुन्हा बंद केली आणि सांगून टाकलं. कुत्री कोणी पळवत नाही. डबी तुमच्यासाठी घेतली. तुम्ही हरवाल म्हणून मला रोज भीती वाटते, कामात लक्ष लागत नाही. हे बोलताना मी रडत होते आणि रागावलेलीही होते, आणि राग कोणावर ते मला सांगता आलं नसतं. आबा खिडकीबाहेर बघत होते. सुटलेल्या शिफ्टची माणसं सायकली काढत होती.

"माल एक, लेबल दुसरं," ते म्हणाले. रागानं नाही. "माले इचारं व्हतं का तू, माय? मना गळामा बांधती तं मी नही म्हनतू का?"

"नाहीच म्हणाला असतात."

त्यांनी विचार केला. "हा. पहिले म्हनतू. मंग बांधी लेतू."

दुसरी डबी आणली ती तक्ता न करता. बटण असलेली. आबांनी माझ्याकडून चिकटपट्टी आणि जाड पेन मागून घेतलं, टेबलाशी बसले आणि दोन लेबलं लिहिली. अक्षर तेच, सूतगिरणीतलं, गोल आणि सरळ ओळीत. कुत्र्याच्या डबीवर 'भो'. आपल्या डबीवर 'आबा', त्याखाली माझा फोन नंबर, आणि सर्वांत खाली 'परतीचा माल'.

मी खात्यातला प्रश्न विचारला. "परतीची वेळ लिहिली नाही."

"रोज सांजले," ते म्हणाले. "तू लिखी ले." मी लिहिलं. त्यांनी खाली सही करायला लावली, तीही केली.

आता सकाळी मी त्यांच्याबरोबर जाते. संध्याकाळी ते दोघेच जातात, कारण तेवढं त्यांचं राहू द्यावं असं आमचं ठरलं आहे. काळजी कमी झाली असं नाही. फक्त ठिपक्यावर लिहिलेलं आता खरं असतं, आणि खरं असलं की जास्तच टोचतं. एखाद्या सकाळी ते मला "बाई, तुम्ही कोन?" असं विचारतात. मग डबी उलटी करून लेबल वाचतात, आणि मी त्यावरचा नंबर पाठ म्हणून दाखवते. तेवढ्यावर पटतं त्यांना.

हे लिहिता लिहिता दिवे लागले आहेत. नकाशावर दोन्ही ठिपके आमलीच्या नाक्यावर शेजारी शेजारी आहेत. दहा मिनिटं झाली, हललेले नाहीत. भाजीवालीशी गप्पा मारत असतील. नसतीलही. वेळ टळली आहे, आणि पासावर सही माझी आहे. मी चपला घालते आहे.