जमिनीवरून गेलेल्या होड्या

नंदाला भर वर्गात मी जे बोललो, ते बोलायला नको होतं. रशियाचं पहिलं राज्य कसं उभं राहिलं, ते शिकवत होतो. उत्तरेकडचे राजे होड्यांतून दक्षिणेला गेले. एक नदी संपली की दुसरीपर्यंत जंगलातून होड्या ओढत नेल्या, असं सांगितलं.

नंदाने विचारलं, “सर, ओढल्या कुणी?”

“तुझ्या बापाने,” मी म्हणालो. वर्ग हसला. तिचे वडील मासेमारी करतात.

संध्याकाळी बंदरावर तेच दिसले. डागडुजीसाठी होडी ओंडक्यांवरून किनाऱ्यावर ओढून घेत होते. ती पुढे सरकली की मागचा मोकळा ओंडका उचलून पुन्हा पुढे मांडायचा.

“सर, बघता काय नुसते? लावा खांदा,” ते हसून म्हणाले. नंदाने घरी काहीच सांगितलं नसावं.

मी खांदा लावला. होडी वीतभर हलली आणि माझा खांदा सोलवटला. त्या जंगलातही असेच खांदे सोलले असतील. राजांची नावं मला पाठ आहेत. होड्या ओढणाऱ्या त्या माणसांपैकी एकाचंही ठाऊक नाही.

सकाळी वर्ग भरल्यावर मी म्हणालो, “नंदा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं, म्हणून मी तुझ्या वडिलांची थट्टा केली. मला माफ कर.”