फॅरनहाइटच्या जागी भरती

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. उद्याच्या संगणक वर्गासाठी सरावाचं पान छापायचं होतं. पहिला प्रोग्रॅम नेहमीचाच : सेल्सियसचं फॅरनहाइट करणे. पुस्तकात तोच होता, म्हणून मीही तोच शिकवत आले. पनवेलमध्ये ताप मोजण्यापलीकडे फॅरनहाइट कुणाला लागत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुपारी उरणकडच्या गावातली विद्यार्थिनी वर्गाची वही परत करायला आली. ती कंटेनर यार्डाच्या गेटवर ट्रकचे नंबर लिहिते. ते काम आता संगणकावर जाणार होतं. शिकली नाही तर नोकरी जाणार होती.

"मॅडम, मला नाय जमणार. त्या फॅरनहाइटनं डोकं उठलंय." मग घड्याळ बघून म्हणाली, "निघते. साडेसातला भरती हाय, त्याच्या आत नवऱ्याला डबा पोचवायचाय होडीवर."

"भरतीची वेळ कुठे बघितलीत?"

"बघायला कशाला पायजे? आज दशमी. तिथीची पाऊणपट केली की झालं. आमी पोरं असल्यापासून करतो."

मी तिला संगणकासमोर खुर्चीत बसवलं. "तिथी विचारा, पाऊणपट करा, उत्तर छापा. हेच लिहायचंय."

तीन ओळी तिने कुठेही न अडखळता लिहिल्या. दहा घातल्यावर पडद्यावर ७.५ आलं. "साडेसात!" मी त्रयोदशी घालायला सांगितली. ९.७५ आलं.

शेजारी सराव करत बसलेल्या सोसायटीतल्या बाईंनी वाचलं, "नऊ वाजून पंचाहत्तर मिनिटं."

"तुमच्या टॉवरच्या घड्याळात असतील, ताई. आमच्याकडं पावणेदहा म्हणतात."

"मग संगणकाला तसं सांगा," मी म्हटलं.

पंधरा मिनिटं ती आकडे घालून, खोडून बघत होती. मग पॉइंटनंतरच्या आकड्याला साठाने गुणलं आणि ४५ मिनिटं मिळवली. दशांशावर मी आठवडा घालवते आणि तरी निम्म्या जणींना ते कळत नाही.

"उद्या येताय ना?"

"वही द्या की मग परत."

ती गेल्यावर मी नवं पान टाइप केलं, पण छापलं नाही. स्वतः तपासलेलं नसेल तर उदाहरण मी वर्गात देत नाही.

सकाळी एकादशी. पाऊणपट म्हणजे सव्वाआठ. आठ वाजता मी खाडीवर जाऊन उभी राहिले. पाणी थांबलं तेव्हा आठ वाजून पंचवीस झाले होते. घरी येऊन पानावर 'वेळ'च्या आधी 'अंदाजे' घातलं, चौदा प्रती काढल्या आणि वर्ग उघडायला गेले. दारात ती उभी होतीच. पहिली प्रत तिला दिली.