अण्णांनी न घेतलेला चहा

आमच्या डोंगरकडा गावच्या छापखान्यात एक मशीन आहे आणि ती अजिबात आवाज करत नाही. कारण ती चालतच नाही!

कॉम्प्युटरवरचं पान थेट अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटवर उमटवणारी ही सीटीपी. ही येण्याआधी आमच्या छपाईच्या प्लेटा नांदेडहून एसटीने यायच्या. (एकदा एक आजीबाई प्लेटवरच बसल्या आणि नवरदेवाच्या नावाला बाक आला!) लगीनसराईच्या आत स्वतःची सीटीपी हवीच, या ध्यासाने मी नांदेडला जुनी मशीन बघायला निघालो. सोबत वडील, अण्णा. त्यांनी जन्मभर बैल पारखलेले.

गोदामात दोन मशिनी शेजारी शेजारी. एक कळकट, ती विकायची नव्हती. दुसरी चकाचक. माझं मन तिच्यावर बसलं.

"आपलं पान दे, आन् आपल्या डोळ्यांम्होरं काढायला लाव," अण्णा म्हणाले. "औताला जुंपल्याबिगर बैल घेत न्हाईत."

मी मशीनच्या उद्घाटनाच्या पत्रिकेची फाइल दिली. (मशीन ठरायची होती, पत्रिका तयार होती!) तेवढ्यात मालक म्हणाला, "आओ भाई, चाय पिओ."

अण्णा हलेनात.

"अण्णा, चला की! चहा गार होऊन राहिला."

"होऊ दे."

"ते लोक काय म्हणतील?"

शेवटी मी हात धरून त्यांना आत ओढलं. त्यांनी कपाला हात लावला नाही. माझा चहा संपतोय तोच प्लेट हजर! अक्षर न् अक्षर लख्ख, 'शुभहस्ते'खाली अण्णांचं नाव. मी तिथल्या तिथे सौदा पक्का केला.

छापखान्यात आल्यावर मशीनने एकही प्लेट काढली नाही. तिसऱ्या दिवशी मेकॅनिकने झाकण उघडलं.

"भाऊ, हिचं लेझर कवाच गेलंय."

"मग ही कशी निघाली?" मी ती प्लेट त्याच्या नाकासमोर धरली.

त्याने ती मशीनच्या तोंडाला लावली. प्लेट तोंडापेक्षा चार बोटं जास्त रुंद!

"काहून थट्टा करून राहिले भाऊ? ही हिच्यात जातच न्हाई!"

छपाईत केस पिकवलेला मी नाव वाचत बसलो, माप बघितलंच नाही! अण्णा एवढंच म्हणाले, "मंग मी चहा तरी प्यायला पाहिजे व्हता."

आज अण्णा नाहीत. कुणी चहाचा आग्रह केला की मला हात धरून बाहेर ओढणारं माणूस हवंहवंसं वाटतं. ती प्लेट मी भिंतीवर लावली आहे. गिऱ्हाईक विचारतं, "काय लख्ख आलीय! ह्याच मशीनची का?"

"न्हाई, हिच्या शेजारणीची," मी म्हणतो, आणि नांदेडच्या एसटीची वाट बघत फाट्यावर जाऊन उभा राहतो.