चार पोती वाळू

रघूच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय, हा विचार बुधवारपासून लतिकाच्या मनातून जात नव्हता. डाळ धुताना, नळाखाली बादली लावताना, इस्त्रीवाल्याला कपडे मोजून देताना तो आपला तिथेच. आणि तो डोक्यात घातला होता प्रभादेवीच्या बाजारातल्या शेवंती कोळणीने.

"बाई, तुमचा रघू आता देवाच्या नाही, गाड्यांच्या पाया पडतो," बांगड्यांचा वाटा पिशवीत टाकत ती म्हणाली होती. "काल त्या नव्या टॉवरखाली बघितला मी. चांगला इस्त्रीचा शर्ट घालून गुडघ्यावर बसलेला, न् लोकांच्या टायरवरून हात फिरवतोय. वॉचमन अंगावर आला तरी उठेना."

"बघत असेल काहीतरी. त्याचं कामच ते."

"काम गॅरेजात ना? रस्त्यावर कसलं काम? पस्तिशी आली, लग्नाचं बघा त्याच्या."

लतिकाने ते हसण्यावारी नेलं. पण गुरुवारी ती परळ नाक्यावरून घरी येत होती, तेव्हा तिने स्वतःच पाहिलं. रघू एका उभ्या गाडीच्या मागच्या चाकाशी वाकला होता. तळहात टायरच्या आतल्या कडेवरून आधी बाहेर ओढला, मग आत नेला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. आजारी जनावराच्या अंगावरून हात फिरवावा तसा. ती हाक मारणार होती, पण थबकली. कारण तो चेहरा तिने पूर्वी पाहिला होता. तो रघूचा नव्हता, रघूच्या बापाचा होता.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा रघू सहा वर्षांचा होता. महादेव, म्हणजे रघूचे अप्पा, गिरणीच्या सूत कातायच्या रिंग खात्यात फिटर. यंत्रांची लांबच लांब रांग एका रेषेत आहे की नाही हे ते सुती दोरा ताणून बघायचे. दोरा कुठे टेकतो, कुठे सुटतो एवढ्यावरून कुठलं यंत्र केसभर सरकलंय ते सांगायचे. संप लांबला आणि दुसऱ्या वर्षी अप्पा बोलायचेच थांबले. चार महिने. सकाळी डबा मागायचे, गिरणीच्या बंद फाटकापर्यंत जायचे, डबा तसाच घेऊन परत यायचे. लतिका बी.ए. झालेली, इस्पितळात केसपेपरच्या खात्यात कामाला. घर तिच्यावर चाललं. पण त्या चार महिन्यांत नवऱ्याशी काय बोलावं हे तिला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

त्यातून अप्पांना बाहेर काढलं ते एका टॅक्सीने. शेजारचा टॅक्सीवाला कुरकुरत होता की पुढचे टायर एकाच बाजूने झिजतात, स्टिअरिंग एकीकडे ओढतं. अप्पांनी घरातून दोरा आणला, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "मेल्या, चाकं फेंगडी चालतत तुझी!" त्या दिवसापासून टॅक्सीस्टँडच्या कडेला अप्पांचं बस्तान बसलं. रघू आयटीआय करून त्यांच्याच हाताखाली तयार झाला.

अप्पांची एक रीत होती. रिकाम्या गाडीला दोरा लावायचा नाही. गिरणीतही ते रिकाम्या यंत्राला दोरा लावत नसत. सुताच्या बॉबिनी भरलेल्या असताना यंत्र जसं बसतं तेच त्याचं खरं बसणं, असं त्यांचं म्हणणं. टॅक्सी तर कायम भरलेली. म्हणून त्यांनी चाळीस-चाळीस किलोची चार पोती वाळू भरून ठेवली होती. दोन पुढे, दोन मागे. पोती चढल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत.

पुढे शेजारच्या बंद गिरणीच्या आवारात काचेचं मोठं गॅरेज झालं आणि रघू तिथे लागला. तिथे दोरा नव्हता, मशीन होतं. चाकांना आरशासारख्या तबकड्या लावायच्या, पडद्यावर आकडे येतात; बरोबर असले तर हिरवे, चुकले तर लाल. पण जाताना रघूने चार पोती हातगाडीवर घालून नेली. मॅनेजर आधी हसला. मग रघूच्या हातच्या गाड्या तक्रार घेऊन परत येत नाहीत हे दिसल्यावर गप्प बसला.

शनिवारी दुपारी रघू घरी आला. गॅरेज लवकर बंद झालं होतं, ते आता सोमवारी उघडायचं. लतिकाने पोळी वाढली, त्याने ती उलटून बघितली आणि तशीच ठेवली.

"रघू, मला सरळ सांग. तुला काही होतंय का?"

"मला काय होणार?"

"मग रस्त्यात लोकांच्या चाकांशी काय करतोस?"

तो कसनुसा हसला. "शेवंतीमावशी वाटतं?"

"मीही बघितलंय."

मग त्याने सांगितलं. चार महिन्यांपूर्वी एका साहेबांची स्पोर्ट्स कार त्याच्याकडे आली होती. लाल, बसकी, रस्त्याला पोट लागेल अशी. त्याने चाकांचं अलाइनमेंट करून दिलं, पडद्यावर सगळं हिरवं. दोन महिन्यांत मागचे दोन्ही टायर आतल्या कडेने गेले. त्याने पुन्हा तपासलं, पुन्हा हिरवं. नवे टायर चढले, तेही गेले. गेल्या सोमवारी गाडी लिफ्टवर घेतली तर आतल्या कडेला रबर संपून तारा दिसत होत्या.

"बाहेरून बघशील तर नव्यासारखे. चाक इतकं आत दडलेलं असतं की वाकल्याशिवाय दिसत नाही. म्हणून मी बाकीच्यांचे हात लावून बघतोय. तळहात एका बाजूने गुळगुळीत लागला आणि उलट नेताना खरखरला, तर चाक तिरकं घासतंय. दुसऱ्यांच्या गाड्यांत नाही लागत, आई. फक्त मी केलेल्या त्या एकीत."

"साहेबांना सांगितलंस?"

"मॅनेजर म्हणाला, टायर मंगळवारी येतायत, तोवर उगाच घाबरवू नकोस. आणि सांगू तरी काय? कारण मलाच कळलेलं नाही. साहेब उद्या सकाळी मुलीला घेऊन त्याच गाडीने पुण्याला चाललेत. मंगळवारपर्यंत निघेल म्हणा."

"निघेल म्हणजे?"

रघू पोळीचा तुकडा मोडत बसला.

खाटेवर पडलेले अप्पा इतका वेळ भिंतीकडे तोंड करून होते. ते वळले. "मशीन खोटा. दोरो लावन बघितलंस?"

"बघितला, अप्पा. दोराही सरळच दाखवतो."

"पोती चढवलंस?"

"चढवली हो. दोन सीटवर, खाली जुनी चादर घालून. दोन मागे डिकीत."

"मगे झाला तर!" अप्पांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

लतिकाला काहीच उमजेना. मशीन बरोबर, दोरा बरोबर, पोती बरोबर आणि टायर मात्र फाटलेले. इस्पितळात तिने असे केसपेपर पाहिले होते, ज्यात सगळे रिपोर्ट चांगले असायचे आणि माणूस अंथरुणाला खिळलेला. तिथे मोठे डॉक्टर एक गोष्ट करायचे. पहिल्यापासून विचारायचे, अगदी बाळबोध.

"त्या गाडीत बसतात किती माणसं?" तिने विचारलं.

"दोनच सीट आहेत. बहुतेक वेळा साहेब एकटेच."

अप्पा ताडकन उठून बसले. "दोन? एवढ्या पैशात? रिक्षेत तीन बसतत!"

"अप्पा, ती काय वऱ्हाड न्यायला घेतात का?"

"आणि साहेब कसे आहेत? जाड?" लतिकाने विचारलं.

"नाही गं. काटकुळे."

"म्हणजे तू पोती चढवलीस की गाडी खाली बसते. काढलीस की वर येत असेल ना?"

"येते. चांगली दोन बोटं."

"मग वर येताना चाकं जिथल्या तिथे राहतात?"

रघू पुढे सरकून बसला. त्याने दोन्ही तळहात ताटावर शेजारी शेजारी उभे धरले, बोटं पुढे करून. मग हात हळूहळू वर उचलले. उचलता उचलता त्याच्याही नकळत बोटं बाहेरच्या बाजूला फिरली. त्याने हात खाली आणले, तशी बोटं पुन्हा सरळ झाली. वर नेले, पुन्हा बाहेर. लतिका त्याच्या हातांकडे बघत राहिली.

"या गाडीच्या मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळे दांडे आहेत," तो पुटपुटला. "टॅक्सीला मागे सरळ लोखंडी आस. ती वर-खाली झाली तरी चाकं फिरत नाहीत. हिची फिरतात. मी प्रत्येक वेळी पोती ठेवूनच बघितलं. मशीनही, दोराही." मग एकदम आवाज चढला. "पण मग बाकीच्या गाड्या? इतक्या केल्या, त्यांना काही नाही झालं! उगाच काहीतरी डोक्यात घालू नकोस आई!"

"मी विचारलं फक्त."

"माझ्या पोत्यांत खोट नाय," अप्पा म्हणाले.

"कोण म्हणतंय खोट आहे, अप्पा?" रघू ताट सारून उठला आणि धाडधाड जिना उतरून गेला.

लतिकाला कळत नव्हतं की तिला बरोबर सुचलं होतं की ती एका हुशार मुलाला उगाच वेड्यात काढत होती. ती काही इंजिनिअर नव्हती. गाडी सोमवारपर्यंत गॅरेजात येणार नव्हती, म्हणजे सोमवारपर्यंत खरं काय ते कळणार नव्हतं. साहेबांना कळवावं तर रघूची चूक त्याच्या आईनेच चव्हाट्यावर आणल्यासारखं, नोकरीही जायची. चूक नसली तर अब्रू फुकट गेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चूक निघाली तर ती रघूची नव्हतीच, ज्या रीतीने अप्पा त्या चार महिन्यांतून परत माणसांत आले त्या रीतीची होती. तिने हे सगळं तीन-चार वेळा उलटसुलट केलं. दर वेळी शेवटी तेच उरत होतं. कारण पोती असोत, मशीन असो, नाहीतर आणखी काही, टायरच्या तारा निघाल्या होत्या, आणि ती मुलगी उद्या त्या टायरांवर बसून घाट चढणार होती. त्यासाठी कारण कळायची गरज नव्हती.

साहेबांनी रघूला दिलेलं कार्ड फडताळात काचेच्या मागे होतं. काही लागलं तर थेट मला फोन कर, असं ते म्हणाले होते, आणि रघूने ते मोठ्या अभिमानाने तिथे लावलं होतं. तिने ते काढलं.

"कोणाक फोन करतंस?" अप्पांनी विचारलं.

"त्या साहेबांना."

अप्पा पांघरुणाची कड बोटांनी चाचपत राहिले. मग भिंतीकडे बघतच म्हणाले, "विचारलानी तर पोती म्हाताऱ्याची होती म्हणान सांग. आपल्या झिलाचा नाव घेव नको."

ती कार्ड घेऊन गॅलरीत आली. रघू खाली पिंपळाच्या पारावर बसला होता, गुडघ्यांवर कोपरं टेकून.

"रघू!"

त्याने वर पाहिलं. तिच्या हातातलं कार्ड त्याला एवढ्या लांबूनही ओळखू आलं असावं, कारण तो उभा राहिला.

"काय सांगणार आहेस त्यांना?"

"गाडी उद्या बाहेर काढू नका, एवढंच. का ते तू सोमवारी बघ आणि तूच सांग."

"मॅनेजर काढून टाकेल मला."

"टाकेल कदाचित."

तो तसाच उभा राहिला. समोरून एक हातगाडी गेली, ती जाईपर्यंत तो थांबला. लतिकाला वाटलं, आता हा धावत वर येईल आणि कार्ड हिसकावून घेईल. तो आला नाही.

"मागचे टायर सांग," तो खालून म्हणाला. "पुढचे नाही, मागचे. आणि डावा जास्त गेलाय. वाकून आतून बघा म्हणावं, बाहेरून कळणार नाही."

लतिका आत गेली, चष्मा लावला आणि कार्डावरचा पहिला आकडा दाबला.